एक्सेलची आयटम लिस्ट ॲक्सेस फॉर्मच्या लिस्ट बॉक्समध्ये आणायची तर: तयारी, क्रम आणि नेहमीचे घोळ

ॲक्सेस, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम. त्यातल्या ऑर्डरच्या फॉर्मवर एक लिस्ट बॉक्स (क्लिक करून निवडायची यादी) पाहिजे, त्यात सगळे आयटम दिसले पाहिजेत, आणि आयटम तर सगळे एक्सेलमध्ये पडलेत. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो नाहीतर नव्या पेठेतलं होलसेल दुकान, ही मागणी सारखी येते, कारण रेटलिस्ट सांभाळणारा माणूस एक्सेल सोडायला तयार नसतो आणि एन्ट्री मारणारा ॲक्सेसवर बसलेला असतो. मग होतं काय, की कुणीतरी एक्सेलमधली नावं कॉपी करतं, लिस्ट बॉक्सच्या प्रॉपर्टीत पेस्ट करतं आणि मोकळं होतं. पुढच्या महिन्यात दोन नवीन टॉवेल आले, एक चादर बंद झाली, की ती लिस्ट खोटी पडली, आणि मग एन्ट्रीवाला वहीत बघून कोड टाकायला लागतो.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. लिस्ट बॉक्स एक्सेलमधून थेट काही उचलत नाही. क्रम असा आहे: एक्सेल शीट, तिचं ॲक्सेसमधलं लिंक टेबल (डेटा एक्सेलमध्येच राहतो, ॲक्सेस तिथून वाचतो), त्यावर एक क्वेरी (काय आणि कुठल्या क्रमाने दाखवायचं ती चाळणी), आणि त्या क्वेरीवर लिस्ट बॉक्स. यातली एक पायरी गाळली की पुढे कुठंतरी अडकतंच. आणि फॉर्मने ऑर्डरमध्ये साठवायचा तो कोड, नाव नाही.

## १. आधी एक्सेल शीट साफ करा

याला सगळ्यात जास्त वेळ द्या. लिस्ट बॉक्समध्ये जे विचित्र दिसतं त्यातलं बहुतेक शीटमधूनच आलेलं असतं.

टॅलीतून काढलेली नाहीतर प्रिंटसाठी सजवलेली शीट असेल तर वर कंपनीचं नाव, पत्ता, तारीख असं काहीतरी असतं, मधे मर्ज केलेले सेल, खाली टोटल. असली शीट लिंक करू नका. त्याच फाइलमध्ये एक वेगळी शीट घ्या, पहिल्या ओळीत फक्त हेडिंग, दुसऱ्या ओळीपासून डेटा, आणि बाकी त्या शीटवर काहीही नको, बाजूला केलेला हिशोबसुद्धा नको. मर्ज सेल राहिला तर मजकूर डावीकडच्या पहिल्या कॉलममध्ये जातो आणि बाकीचे रिकामे येतात.

कॉलम साधारण एवढे पुरतात: कोड, नाव, साइज, रेट, चालू, क्रम. शेवटचे दोन कशाला ते पुढे येईल. हेडिंग इंग्रजी अक्षरांत, छोटं, आणि टिंब न देता लिहा. ‘रेट रु.’ असं टिंब असलेलं हेडिंग दिलं की ॲक्सेसमध्ये त्या टिंबाच्या जागी हॅशचं चिन्ह दिसतं. डेटा मराठीत असू दे, त्याला काही होत नाही, पण कॉलमची आणि टेबलची नावं मराठीत ठेवली आणि उद्या कुणी व्हीबीए (ऑफिसमधली प्रोग्रामिंगची भाषा) कोड लिहायला बसलं, की त्या एडिटरमध्ये देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

आता कोडाचं. ०४७ असा कोड एक्सेलमध्ये टाकला की तो ४७ होतो. डिझाइन नंबर १०-१२ टाकला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, १० डिसेंबर. मग लोक काय करतात, कॉलम सिलेक्ट करून फॉरमॅट टेक्स्ट करतात आणि समजतात की झालं. तसं होत नाही, आधी टाकलेले आकडे आकडेच राहतात, गेलेलं शून्य परत येत नाही, आणि तारीख झालेली असेल तर तिथं भलताच पाच आकडी नंबर दिसायला लागतो. रिकामा कॉलम आधी टेक्स्ट करायचा, मग कोड टाकायचे. त्याहून सोपं म्हणजे प्रत्येक कोडाच्या आधी एक अक्षर लावून टाका, टॉवेलला टी, चादरीला सी. एकदा अक्षर लागलं की एक्सेल त्याला आकडाही समजत नाही आणि तारीखही नाही.

याचं पुढचं कारण असं, की ॲक्सेस लिंक करताना कॉलमचा प्रकार स्वतःच ठरवतो, तुम्हाला विचारत नाही, आणि त्यासाठी वरच्या ८ ओळी बघतो. पहिल्या ८ ओळीत नुसते आकडे दिसले तर कॉलम नंबर समजला, आणि खाली विसाव्या ओळीत टी०४७ आला की तिथं कोडाऐवजी नंबरची एरर दिसते. म्हणून कोडाच्या कॉलममध्ये सगळे अक्षरवाले कोड, पहिल्या ओळीपासून. निम्मे असे निम्मे तसे नको.

नावातला घोळ तर लई बारीक असतो. शेवटी राहिलेली स्पेस ट्रिम फंक्शनने जाते. पण इंटरनेटवरून किंवा पीडीएफमधून पेस्ट केलेल्या मजकुरात एक वेगळी स्पेस असते, ती ट्रिमला दाद देत नाही, ती फाइंड-रिप्लेसमध्ये कॉपी करून काढावी लागते. आणि खास मराठी भानगड: ‘टॉवेल’ आणि ‘टाॅवेल’. डोळ्याला दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. पहिल्यात ऑ ची खूण एकच अक्षर म्हणून टाइप झालीय, दुसऱ्यात काना वेगळा आणि अर्धचंद्र वेगळा. कॉम्प्युटरला हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळं सर्च केलं की निम्मे टॉवेल सापडतात आणि सॉर्टिंगमध्ये एक टॉवेल भलतीकडेच जाऊन बसतो. जिथं दोघं-तिघं वेगवेगळ्या कीबोर्डने टाइप करतात तिथं हे हमखास होतं. बरोबरवाला शब्द एका ठिकाणाहून कॉपी करून सगळीकडे रिप्लेस मारा.

जुनी फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या मराठी फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा. लिस्ट बॉक्सला तोच जुना फॉन्ट लावून भागवता येतं असं कुणीतरी सांगेल, पण लिस्ट बॉक्सला फॉन्ट एकच लागतो, त्यामुळं नाव वाचता आलं की बाजूचा इंग्रजी कोड बिघडतो.

तपासा: कोडाच्या कॉलमवर कंडिशनल फॉरमॅटिंगमधलं डुप्लिकेट व्हॅल्यूज लावा. एकही सेल रंगला नाही तरच पुढे जा.

## २. फाइल कुठं राहणार ते आत्ताच ठरवा

लिंक म्हणजे फाइलचा पत्ता. फाइल हलली, नाव बदललं, की लिंक तुटली. ‘रेटलिस्ट फायनल नवीन’ असली नावं दर महिन्याला बदलणार असाल तर हे सगळं करण्यात अर्थ नाही. एकच फाइल, एकच नाव, एकच फोल्डर, आणि शीटचं नावसुद्धा तेच.

पेन ड्राइव्हवरून लिंक करू नका, आज त्याचं अक्षर एक, उद्या दुसरं. ऑफिसात दोन-तीन कॉम्प्युटर असतील तर फाइल शेअर फोल्डरमध्ये ठेवा आणि लिंक करताना मॅप केलेल्या ड्राइव्हच्या अक्षराने जाऊ नका, दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा नेटवर्कचा पूर्ण पत्ता टाका. तुमच्या मशिनवर झेड ड्राइव्ह असेल, काउंटरच्या मशिनवर तोच वाय असेल, आणि मग फॉर्म तुमच्याकडे चालतो, तिकडे नाही.

## ३. लिंक की इम्पोर्ट?

लिस्ट एक्सेलमध्येच बदलत राहणार असेल तर लिंक. एकदाच आणायची आणि पुढे ॲक्सेसमध्येच सांभाळायची असेल तर इम्पोर्ट. मधलं काही नाही. दर महिन्याला पुन्हा इम्पोर्ट करणाऱ्यांच्या डेटाबेसमध्ये आयटम१, आयटम२, आयटम३ अशी टेबलं साचतात आणि फॉर्म बिचारा पहिल्यालाच चिकटून असतो.

लिंकच्या मर्यादाही माहीत पाहिजेत. लिंक केलेलं एक्सेल टेबल ॲक्सेसमधून एडिट होत नाही, नुसतं वाचता येतं. त्याला प्रायमरी की (डुप्लिकेट होऊ न देणारा ओळखीचा कॉलम) लावता येत नाही आणि ऑर्डरच्या टेबलशी रिलेशनशिपमध्ये जोडून सक्तीही करता येत नाही. म्हणजे कोड डुप्लिकेट होऊ न देणं, चुकून उडू न देणं, हे एक्सेलवाल्याच्या हातात. तो माणूस भरवशाचा नसेल तर सरळ इम्पोर्ट करा आणि लिस्ट आपल्या ताब्यात घ्या, हे माझं मत.

पुढच्या पायऱ्या लिंक धरून आहेत. इम्पोर्टवाल्यांनी विझार्डमध्ये कोडाला प्रायमरी की करायचं, बाकी सगळं तसंच.

## ४. लिंक टेबल बनवा

१. एक्सेलमधली फाइल सेव्ह करून बंद करा.
२. ॲक्सेसमध्ये एक्सटर्नल डेटा टॅबवर जा. नव्या ॲक्सेसमध्ये न्यू डेटा सोर्स, मग फ्रॉम फाइल, मग एक्सेल. जुन्यात एक्सेलचं बटण तिथंच समोर असतं.
३. फाइल निवडा आणि खालचा, लिंक टू द डेटा सोर्स वाला पर्याय घ्या. घाईत वरचाच राहतो आणि मग इम्पोर्ट होतं, हे बऱ्याच जणांचं होतं.
४. विझार्डमध्ये शीट निवडा. नेम्ड रेंजचा (नाव दिलेल्या ठरावीक सेलचा) पर्यायही दिसेल, पण रेंजच्या खाली नवीन ओळ टाकली तर ती रेंजमध्ये येत नाही आणि नवा आयटम लिस्टमध्ये दिसत नाही. पूर्ण शीटच घ्या, म्हणून तर ती वेगळी ठेवलीय.
५. फर्स्ट रो कंटेन्स कॉलम हेडिंग्ज वर टिक करा.
६. टेबलला नाव द्या, इंग्रजीत, मधे स्पेस न देता.

डावीकडच्या यादीत एक्सेलचं चिन्ह आणि त्याला छोटा बाण दिसला पाहिजे. बाण नसेल तर ते इम्पोर्ट झालंय, डिलीट करून परत करा.

तपासा: टेबल उघडा आणि पार खालपर्यंत जा. एरर दिसणारा सेल, शून्य उडालेला कोड, खाली रिकाम्या ओळींची रांग, यातलं काही दिसलं तर पहिल्या पायरीवर परत. रिकाम्या ओळी येतात कारण एक्सेलमध्ये मजकूर पुसलेला असतो पण ओळ तशीच असते, त्या ओळी सिलेक्ट करून राइट क्लिक, डिलीट.

## ५. मधली क्वेरी

लिस्ट बॉक्सला थेट लिंक टेबल जोडता येतं, चालतंही. तरी क्वेरी घालाच, कारण काय दाखवायचं आणि कुठल्या क्रमाने, हे ठरवायची जागा हीच.

क्रिएट टॅब, क्वेरी डिझाइन, लिंक टेबल घ्या. कॉलम याच क्रमाने ओढा: कोड, नाव, साइज, रेट, मग चालू आणि क्रम. शेवटच्या दोघांच्या शो वरची टिक काढा, ते फक्त चाळणीसाठी आहेत.

‘चालू’ कॉलममध्ये एक्सेलवाल्याने १ किंवा ० टाकायचं, आणि क्वेरीत त्याच्या क्रायटेरियात १. बंद झालेला आयटम एक्सेलमधून डिलीट करायचा नाही, कधीच नाही. गेल्या दिवाळीच्या ऑर्डरमध्ये तो कोड बसलेला असतो, ओळ उडवली की त्या ऑर्डरचं नाव कुठूनच सापडणार नाही. ० टाकला की तो लिस्ट बॉक्समधून जातो, टेबलमध्ये राहतो.

‘क्रम’ म्हणजे काउंटरवर जास्त खपणारा माल वर. नावाने सॉर्ट केलं तर रोज लागणारा तीस बाय साठचा टॉवेल खाली कुठंतरी आणि वर्षातून दोनदा जाणारी वॉल हँगिंग वर, असं होतं. क्रमाने असेंडिंग, मग नावाने. डिझाइनमध्ये सॉर्टिंग डावीकडून उजवीकडे लागतं, म्हणून क्रमचा कॉलम पहिला दिसायला पाहिजे, पण तिथं शो नसल्यामुळं कोडच पहिला कॉलम धरला जातो. म्हणजे क्रमला डावीकडे सरकवा, टिक काढलेली ठेवा.

कोडाच्या क्रायटेरियात इज नॉट नल (नल म्हणजे रिकामं) घाला, चुकून राहिलेल्या रिकाम्या ओळी इथंच अडतात.

तपासा: क्वेरी रन करा. पहिला दिसणारा कॉलम कोड आहे का? नसेल तर पुढचं सगळं एका घराने सरकेल.

## ६. लिस्ट बॉक्स, विझार्डशिवाय

आधी ऑर्डरच्या टेबलमध्ये आयटम कोडासाठी फील्ड आहे का बघा, आणि ते शॉर्ट टेक्स्ट आहे का. लिंकमध्ये कोड टेक्स्ट आणि ऑर्डरमध्ये नंबर असं असेल तर क्लिक केल्यावर व्हॅल्यू चालत नाही म्हणून एरर येणार.

फॉर्म डिझाइन व्ह्यूत उघडा, लिस्ट बॉक्स टाका, विझार्ड आला तर कॅन्सल करा. विझार्ड वाईट नाही, पण लिंक टेबलला प्रायमरी की नसते त्यामुळं की कॉलम लपवायचा सोयीचा पर्याय तो दाखवत नाही, शेवटी हाताने करावंच लागतं. एफ ४ दाबा, प्रॉपर्टी शीट उघडेल.

डेटा टॅबवर:
- कंट्रोल सोर्स: ऑर्डर टेबलचं कोडाचं फील्ड
- रो सोर्स टाइप: टेबल/क्वेरी
- रो सोर्स: आपली क्वेरी
- बाउंड कॉलम (साठवायचा कॉलम): १

फॉरमॅट टॅबवर:
- कॉलम काउंट: ४
- कॉलम विड्थ्स: ०, ५, २.५, २, मधे सेमीकोलन, सेंटिमीटरमध्ये
- कॉलम हेड्स: येस, पाहिजे तर

पहिली रुंदी शून्य म्हणजे कोड लपला, पण साठवला तोच जातो. कॉलम काउंट १ वर राहिला आणि पहिली रुंदी शून्य, की लिस्ट बॉक्स पांढराफटक दिसतो आणि लोक म्हणतात डेटाच येत नाही. डेटा आलेला असतो, दिसायला जागा नसते.

मल्टी सिलेक्ट नन वरच ठेवा. ते सिंपल किंवा एक्सटेंडेड केलं की एका ऑर्डरला चार आयटम लागतील असं वाटतं, पण मग लिस्ट बॉक्सची व्हॅल्यू नल होते आणि फील्डमध्ये काहीच जात नाही. एका ऑर्डरला अनेक आयटम पाहिजेत तर ऑर्डरच्या ओळींचं वेगळं टेबल आणि सबफॉर्म (फॉर्मच्या आतला फॉर्म), तिथं शॉर्टकट नाही.

आयटम तीस-चाळीसच्या वर असतील तर लिस्ट बॉक्सऐवजी कॉम्बो बॉक्स घ्या. प्रॉपर्टी याच, फक्त टाइप करत शोधता येतं.

तपासा: फॉर्म व्ह्यूमध्ये एक आयटम निवडा, रेकॉर्ड सेव्ह करा, ऑर्डरचं टेबल उघडा. तिथं कोड दिसला पाहिजे. नाव दिसलं तर बाउंड कॉलम चुकलाय. काहीच नाही दिसलं, आणि पुढच्या रेकॉर्डवर गेलं तरी तोच आयटम निवडलेला राहतो, तर कंट्रोल सोर्स रिकामा आहे.

## ७. रेट: इथं पैशाची गोष्ट आहे

लिस्टमध्ये रेट दिसतोय म्हणून बिलात तो थेट लिंक टेबलमधून काढू नका. सुताचा भाव वाढला, एक्सेलमध्ये रेट बदलला, की मागच्या सगळ्या ऑर्डरचा हिशोबही बदलेल. ऑर्डरच्या टेबलमध्ये रेटचं स्वतःचं फील्ड ठेवा आणि आयटम निवडताना त्या दिवसाचा रेट तिथं उतरवून घ्या.

लिस्ट बॉक्सच्या प्रॉपर्टी शीटमध्ये इव्हेंट टॅबवर आफ्टर अपडेटला मॅक्रो (आपोआप चालणारी कृती) बनवा, ॲक्शन सेट व्हॅल्यू. ही ॲक्शन यादीत दिसत नाही, आधी वर शो ऑल ॲक्शन्स दाबावं लागतं. ॲक्शनच्या ‘आयटम’ या रकान्यात रेटचं फील्ड, ‘एक्सप्रेशन’मध्ये लिस्ट बॉक्सचं नाव आणि त्याचा कॉलम ३.

सावध: प्रॉपर्टीत बाउंड कॉलम १ पासून मोजतात, पण एक्सप्रेशनमधला कॉलम ० पासून. म्हणजे कोड ०, नाव १, साइज २, रेट ३. इथं ४ टाकला की रिकामं येतं, २ टाकला की रेटच्या जागी साइज घुसवायला बघतं आणि एरर मिळते.

डेटाबेस उघडल्यावर वर पिवळी पट्टी आली तर इनेबल कंटेंट दाबल्याशिवाय हा मॅक्रो चालणार नाही.

## ८. नवीन आयटम फॉर्मवर कधी दिसणार?

एक्सेलमध्ये टाइप केलं पण सेव्ह नाही केलं, तर ॲक्सेसला ते दिसत नाही. सेव्ह केल्यावरही उघड्या फॉर्मवरचा लिस्ट बॉक्स आपोआप बदलत नाही. फॉर्म बंद करून उघडा, नाहीतर एफ ९ दाबा. एन्ट्रीवाल्याला हे रोज सांगायचं नसेल तर फॉर्मच्या ऑन ॲक्टिव्हेट इव्हेंटवर रीक्वेरी (यादी पुन्हा वाचायची) ॲक्शन लावा आणि कंट्रोल नेममध्ये लिस्ट बॉक्सचं नाव द्या. नाव रिकामं ठेवलं तर पूर्ण फॉर्म रीक्वेरी होतो आणि पहिल्या रेकॉर्डवर उडी मारतो.

एक्सेलवाला आणि एन्ट्रीवाला एकाच वेळी बसले की कधी कधी फाइल दुसऱ्याने धरलीय असा मेसेज येतो. यावर तांत्रिक उपाय शोधत बसण्यापेक्षा रेट सकाळी शटर उघडल्या उघडल्या बदलायचे आणि फाइल बंद करायची, एवढं ठरवून घ्या.

## ९. तरीही अडलं तर

जुन्या ऑर्डरवर गेलं की लिस्टमध्ये काहीच निवडलेलं नाही. तो आयटम आता चालू नाही, म्हणून क्वेरीत नाही. ऑर्डरमधला कोड जागेवरच आहे. बाजूला एक टेक्स्ट बॉक्स घ्या आणि डीलुकअपने (टेबलमधून एक व्हॅल्यू शोधून आणणारं फंक्शन) कोडावरून नाव आणा, पण क्वेरीतून नाही, पूर्ण लिंक टेबलमधून. कोड टेक्स्ट असल्यामुळं अटीत तो सिंगल कोटात पाहिजे. रिपोर्टमध्येही नाव पूर्ण टेबलमधूनच घ्या.

क्लिक केलं तरी निवडलं जात नाही, खाली रेकॉर्डसेट अपडेट होत नाही असं येतं. फॉर्मच्या स्वतःच्या रेकॉर्ड सोर्समध्ये कुणीतरी एक्सेलचं लिंक टेबल जोडलेलं असतं, नाव दिसावं म्हणून. ते काढा, फॉर्म फक्त ऑर्डरच्या टेबलवर ठेवा.

मात्रा-वेलांट्या कापल्यासारख्या दिसतात. फॉन्ट निर्मला यूआय, साइज ११ करून बघा.

फाइल सापडत नाही म्हणतो. एक्सटर्नल डेटामध्ये लिंक्ड टेबल मॅनेजर उघडा, टेबलवर टिक करा, नवीन पत्ता द्या. लिंक टेबल डिलीट करून नव्याने बनवलं तरी चालतं, पण नाव अक्षर न अक्षर तेच द्या, कारण क्वेरी त्या नावानेच त्याला ओळखते. शीटचं नाव कुणी बदललं असेल तरी असाच मेसेज येतो, त्यामुळं पत्ता बदलायच्या आधी फाइल उघडून खालचा टॅब वाचा.